ओला रंग, हात लावू नये

माझा ड्रॉवर खालच्या मजल्यावरच्या काकांनी कचऱ्यात टाकला. गोष्ट ताजी आहे, त्यामुळे मी शांत डोक्याने लिहीन अशी अपेक्षा ठेवू नका.

टेबल वाळवीने खाल्लं होतं, ड्रॉवर तेवढा धड राहिला होता. तो पॉलिश पेपरने घासला, प्रायमर मारला, आत दोन फळ्या बसवल्या आणि वरून निळा ऑइलपेंट दिला. उभा करून भिंतीला लावला की झालं शेल्फ. पण ऑइलपेंट नुसता उडून जाऊन सुकत नाही. त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं, म्हणजे त्याला मोकळी हवा लागते. ती आमच्या घरात नाही, जिन्यात आहे. म्हणून ड्रॉवर जिन्याच्या वळणावर, कुणाच्या पायात येणार नाही असा टेकवून ठेवला आणि वर पिवळी चिठ्ठी लावली: ‘ओला रंग. हात लावू नये.’

संध्याकाळी बघते तर ड्रॉवर नाही. पायऱ्यांवर निळ्या रेघा. रेघा खाली मोठ्या कचराडब्यापाशी गेल्या होत्या आणि डबा रिकामा होऊन गेला होता. पण डब्यापासून एक निळा ठसा परत वर चढत होता. उजव्या चपलेचा. तो काकांच्या दारात थांबला.

बेल वाजवली. काका प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले.

“काका, जिन्यातला ड्रॉवर तुम्ही हलवलात का?”

“तो तुमचा होता?” काकांना खरोखर आनंद झाला. “मी म्हटलंच, एवढं जड कोण ठेवून गेलं! काळजी करू नका ताई, टाकला व्यवस्थित.”

“अहो काका, तो टाकायचा नव्हता. शेल्फ होतं ते.”

“नाही नाही, ड्रॉवर होता.”

“ड्रॉवरचं शेल्फ केलं होतं मी.”

“असं कसं? ड्रॉवर असतो टेबलात. टेबल नाही म्हणजे तो ड्रॉवर कशाचा? कशाचाच नाही. जी वस्तू कशाचीच नाही, तिला आपण काय म्हणतो?” काकांनी माझ्याकडे शाळेतल्या मास्तरांसारखं पाहिलं. मी उत्तर दिलं नाही. उत्तर मला येत होतं, ते मला द्यायचं नव्हतं.

“त्यावर चिठ्ठी होती. हात लावू नये म्हणून.”

“वाचली ना! वाचल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही. म्हणून तर हात न लावता पायाने ढकलत नेला.”

“पायऱ्यांवरून?”

“पायऱ्यांवरून तो आपला आपणच गेला.”

यावर काय बोलायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी खाली बघत राहिले. मग वर बघितलं, तर काकांच्या दाराच्या चौकटीवर माझी पिवळी चिठ्ठी. माझंच अक्षर. ‘ओला रंग. हात लावू नये.’

“ही माझी चिठ्ठी आहे.”

“हो, चांगली आहे. अजून चिकटते,” काका म्हणाले. “मुलं येता-जाता दाराला हात लावतात, म्हटलं राहू दे. टाकून कशाला द्यायची?”

म्हणजे बघा, वस्तू वाचवायची वृत्ती काकांकडे आहेच. फक्त ती चिठ्ठीपाशी संपते.

त्या चिठ्ठीबद्दल एक सांगायला हवं. स्पेन्सर सिल्व्हर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाकडून 1968 मध्ये एक गोंद तयार झाला. तो धड चिकटायचा नाही, आणि काढला की माग ठेवायचा नाही. ही आयडिया तो कंपनीत सगळ्यांना सांगत फिरला, कुणाला तिचा उपयोग सुचेना. 1974 मध्ये त्याच कंपनीतल्या आर्ट फ्रायला प्रार्थनेच्या पुस्तकातून सारख्या गळून पडणाऱ्या खुणांचा वैताग आला आणि त्याला तो गोंद आठवला. दुकानांतून सगळीकडे त्या चिठ्ठ्या मिळायला 1980 उजाडलं. आयडिया सांगणारा आणि तिची गरज असलेला माणूस यांची गाठ पडायला इतका वेळ लागतो. काकांना माझी चिठ्ठी उपयोगी पडायला दुपारही पुरली.

खरा कहर रात्री झाला. फोन वाजला. काकांचा मेसेज. वर तीन फुलं, दोन जोडलेले हात आणि खाली व्हिडिओ: ‘जुन्या ड्रॉवरचं सुंदर शेल्फ! टाकाऊतून टिकाऊ!’ खाली काकांच्या स्वतःच्या शब्दांत: ‘तुम्हाला आवड आहे म्हणून मुद्दाम पाठवतोय.’

मी लिहिलं, ‘काका, मी हेच केलं होतं.’

काकांचं उत्तर: ‘हो, अगदी असंच! बघा किती सोपं आहे. करून बघा.’ आणि मिनिटभराने: ‘जुना ड्रॉवर कुठे दिसला तर सांगतो.’

काका आयडिया जमवतात. त्यांच्या फोनमध्ये बाटल्यांचे दिवे आहेत, टायरच्या खुर्च्या आहेत, जीन्सच्या पिशव्या आहेत, आणि त्यांच्या घरात यातलं काहीही नाही. ते घर मी पाहिलंय. सगळं दुकानातलं आहे. आयडिया येते, बोट लागतं, पुढे जाते. टपालखातं निदान शिक्का तरी मारतं.

जमवण्याचा छंद नवा नाही. पूर्वी युरोपात शिकलेसवरलेले लोक वाचलेलं, ऐकलेलं, उपयोगी वाटलेलं एका वहीत उतरवून ठेवत. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने तर 1686 मध्ये अशा वहीची सूची कशी करायची यावर लेख छापला: विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर घ्यायचा, त्या खान्यात पान क्रमांक लिहायचा. मला लॉकसाहेबांबद्दल आदर वाटतो, आणि तो आदर सूचीसाठी आहे. हाताने उतरवून घ्यायचं म्हटलं की माणूस विचार करतो, हे खरंच मला हवंय का? मनगट दुखतं. 2010 मध्ये पिंटरेस्ट ही आवडलेली चित्रं जमवून ठेवायची साइट आली, फोन आले, आता मनगटाचा प्रश्न उरला नाही. माझ्या फोनमध्येही जे साठलंय त्याला मी फोल्डर म्हणते, नवरा गोदाम म्हणतो. पण मी निदान त्यातलं काहीतरी करते. आणि करून जिन्यात ठेवते.

नवऱ्याने समजूत घालताना शास्त्राचा आधार घेतला. म्हणाला, आपण केलेली वस्तू आपल्यालाच भारी वाटते, याचा अभ्यास झालेला आहे. मी शोधलं, खरंच झालेला आहे. नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली या तिघांचा, 2012 मध्ये छापलेला. आयकिया या घरी जोडायचं फर्निचर विकणाऱ्या कंपनीवरून ‘आयकिया इफेक्ट’ म्हणतात त्याला. लोकांना कागदाच्या घड्या घालून पक्षी-बेडूक करायला लावले. करणाऱ्यांना आपले पक्षी जवळजवळ तज्ज्ञांच्या तोडीचे वाटले आणि बाकीच्यांना तो चुरगळलेला कागद वाटला. थोडक्यात, काकांची बाजू संशोधकांनी आधीच मांडून ठेवली आहे. शिवाय केलेली वस्तू मोडून टाकली की तिची भारी किंमतही उतरते, असंही त्यांना आढळलं. पण शेजाऱ्याने ती पायाने ढकलत नेऊन मोडली तर काय होतं, हे कुणी तपासलेलं दिसत नाही. मी सांगते. किंमत वाढते.

चेष्टा जाऊ दे. मला राग काकांचा कमी आणि त्या व्हिडिओंचा जास्त आहे. अर्ध्या मिनिटात ड्रॉवर घासून, रंगून, भिंतीवर! रंग हाताला लागेनासा झाला तरी आतून पक्का व्हायला आणखी कित्येक दिवस जातात, घाईने वर पुस्तकं ठेवली तर ती पुठ्ठ्यासकट चिकटून बसतात, हे तिथे कुणी सांगत नाही. भिंतीत आधी भोक, भोकात प्लग आणि मग स्क्रू, हेही नाही. तिथे शेल्फ उचललं की भिंतीला लागतं. आणि ते बादलीच्या झाकणाचं घड्याळ! छान गोंद लावला, सांगितल्याप्रमाणे दाबून धरलं, आणि मध्यरात्री ते धाडकन खाली आलं. ती झाकणं बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची नाहीतर पॉलिथिनची, आणि या दोन प्लॅस्टिकना साधा गोंद धरतच नाही. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची बाटलीच मुळी पॉलिथिनची असते, नाहीतर तो बाटलीलाच चिकटून बसला असता. ही एवढी ओळ ज्याने घड्याळ दाखवलं त्याला माहीत नव्हती? की त्याचंही पडलं आणि पडायच्या आत त्याने चित्रीकरण उरकलं? मला दुसरी शक्यता खरी वाटते. काय जमलं ते सगळे दाखवतात. काय निखळलं, कुठे रंग सोलून निघाला, काय पुन्हा करावं लागलं, ते दाखवायला कुणी तयार नाही, आणि उपयोगाचं तर तेवढंच असतं.

म्हणून शेवटी मीच इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं. झाकणं, गोंद, ऑइलपेंट, प्लग, सगळं. कुठला गोंद कशाला धरत नाही, रंग कधी पक्का समजायचा, जिन्यातल्या वस्तूंबद्दल दोन ओळी वेगळ्या. चांगलं मोठं झालं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एक अंगठा आला. त्यानंतर काका.

‘फारच उपयुक्त माहिती. याचा व्हिडिओ आहे का?’