कोलॅब तुटतंय ते सीमाभागामुळं नव्हे, त्या फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

बेळगावातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरायलाय, तुमच्याकडं पण आलाच असणार. मेसेजचं म्हणणं असं की कोलॅबचं (ब्राउझरमधून गुगलच्या मशीनवर कोड चालवायची सोय) सेशन सारखं तुटतं ते आपल्या सीमाभागातल्या नेटमुळं, फोन कधी कर्नाटकचा टॉवर पकडतो कधी महाराष्ट्राचा, त्यामुळं गुगलला वाटतं दोन वेगळी माणसं घुसलीत आणि ते सेशन मारून टाकतं. त्यावर उपाय म्हणजे नोटबुक (कोडची फाइल) कायम इन्कॉग्निटोत (ब्राउझरच्या खाजगी विंडोत) उघडा, ब्राउझरची सगळी हिस्ट्री उडवा, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (डेव्हलपरांसाठीची कोड टाकायची जागा) खालचा कोड पेस्ट करा म्हणजे सेशन कधीच तुटणार नाही, आणि तरीही जीपीयू (मॉडेल ट्रेन करायला लागणारी वेगवान चिप) मिळेना तर व्हीपीएन (आपलं ठिकाण लपवणारी सोय) लावून दुसऱ्या जीमेलनं या. खाली शंभर टक्के वर्किंग, आणि हात जोडलेले दोन इमोजी.

यातला एक उपाय अर्धा बरोबर हाय, एक सरळसरळ धोक्याचा हाय आणि बाकीचे नुसते वेळ खाणारे. पण मूळ गडबड अशी की मेसेज लिहिणाऱ्यानं तीन वेगळ्या गोष्टींना एकच "सेशन" समजलंय. नोटबुकची फाइल ही तुमच्या ड्राइव्हमध्ये असते, तिला काही होत नाही. ब्राउझरमधला टॅब हा तुमच्या लॅपटॉपवर असतो आणि नेटवरून पलीकडं जोडलेला असतो. आणि कोड प्रत्यक्ष चालतो तो रनटाइमवर, म्हणजे गुगलच्या डेटा सेंटरमधल्या एका तात्पुरत्या मशीनवर. यातलं नेमकं काय तुटलंय ते न बघता उपाय करत बसलं तर रात्र जाते आणि सकाळी सबमिशन असतं.

आता टॉवरचं बघू. बेकिनकेरे, उचगाव या बाजूला किंवा तिकडं निपाणीच्या पुढं कोगनोळीला फोन पलीकडचं नेटवर्क पकडतो हे खरंच हाय, त्यात खोटं काही नाही. टॉवर किंवा नेटवर्क बदलताना कधी कधी आयपी (नेटवरचा आपला पत्ता) पण बदलतो, आणि आयपी बदलला की टॅब आणि रनटाइममधलं चालू कनेक्शन तुटतं, हे पण मान्य. पण पुढची उडी चुकीची. तुमचं लॉगिन आयपीवर नाही, ब्राउझरमधल्या कुकीवर (साइटनं ठेवलेली ओळखीची खूण) टिकून असतं, आणि रनटाइम तुमच्या अकाउंटला जोडलेला असतो. त्यामुळं कनेक्शन गेलं तरी पलीकडचं मशीन लगेच मरत नाही, चालू असलेला सेल चालूच राहतो, नेट आलं की टॅब आपोआप परत जोडला जातो नाहीतर वर रीकनेक्टवर एक क्लिक करायचा. पाच मिनिटं रेंज गेली म्हणून मॉडेलचं ट्रेनिंग उडालं असं सहसा होत नाही. उडतं कधी, तर लाईट गेली, वायफायचा राउटर बंद पडला, लॅपटॉप झाकून आपण जेवायला गेलो आणि तासन्‌तास तिकडं फिरकलोच नाही, तेव्हा. मग पलीकडून आयडल, म्हणजे रिकामं पडलंय, म्हणून मशीन काढून घेतात. यात महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा काही संबंध नाही, पुण्यातल्या पोराचं पण असंच जातं. (सीमावादावर आपल्याकडं आधीच भरपूर खापरं फुटलेली हायत, कोलॅबचं तरी नको.)

आणि "कधीच तुटणार नाही" हे तर कुणीच देऊ शकत नाही. फुकटच्या कोलॅबमध्ये एक रनटाइम जास्तीत जास्त १२ तास, ते पण त्या वेळी मशीन मोकळी असतील आणि तुमचा वापर बेताचा असेल तर. आयडल धरून तोडायची वेळ आणि जीपीयूची मर्यादा ठरलेली नसते, बदलत राहते, हे कोलॅबवाले स्वतःच लिहितात. पैसे भरून प्रो प्लस घेतलं तरी बॅकग्राउंडला २४ तासांपर्यंतच. म्हणजे तुटणार हे धरूनच काम लावायचं.

आता तो कन्सोलचा कोड. सगळ्यात जास्त शेअर होतो तो हाच आणि सगळ्यात वाईट पण हाच. साध्या रूपात तो काय करतो तर दर मिनिटाला कनेक्टच्या बटणावर आपोआप क्लिक करतो म्हणजे तिकडं वाटावं माणूस बसलाय. एक तर १२ तासांची मर्यादा त्यानं हलत नाही. दुसरं, कोलॅबचं पान बदललं, बटणाचं नाव बदललं की तो कोड मुकाट्यानं फेल जातो आणि तुम्ही निवांत झोपलेले. तिसरं म्हणजे मधेच माणूस बसलाय का हे विचारणारा कॅपचा येतो, त्याच्यापुढं हा कोड काय करणार? पण हे सगळं सोडा, खरा प्रश्न वेगळा हाय. कन्सोलमध्ये तुम्ही जे पेस्ट करता ते तुमच्या लॉगिन झालेल्या अकाउंटच्या हक्कानं चालतं. त्या मेसेजचे आता इतके अवतार झालेत, कुणी दोन ओळी वाढवतो कुणी कुठून तरी दुसरा कोड जोडतो, आणि त्या वाढीव ओळी कोण वाचतो हो? क्रोम आता कन्सोलमध्ये पेस्ट करायला गेलं की आधी अडवतं आणि परवानगीची ओळ हातानं टाईप करायला लावतं, ते उगाच नाही, असल्या पेस्ट करायला लावणाऱ्या फसवणुकी होतात म्हणूनच. मेसेजमध्ये ती ओळ पण टाईप करा म्हणून लिहिलंय. म्हणजे कुलूप कसं काढायचं ते पण सांगितलंय, वा!

त्यापेक्षा जे टिकवायचं ते बाहेर टाका. ड्राइव्ह सुरुवातीलाच माउंट करा (मशीनला जोडा) आणि प्रत्येक इपॉक (डेटावरची एक पूर्ण फेरी) झाला की मॉडेलचा चेकपॉइंट, म्हणजे तोपर्यंतची प्रत, ड्राइव्हमध्ये सेव्ह करा, परत सुरू केल्यावर शेवटच्या चेकपॉइंटपासून उचलायचा कोड आधीच लिहून ठेवा. डावीकडच्या फाइल्सच्या पॅनलमध्ये कंटेंट नावाच्या फोल्डरात जे दिसतं ते त्या तात्पुरत्या मशीनवरचं असतं, मशीन गेलं की तेही गेलं, पिपनं (पॅकेज टाकायची पायथनची कमांड) टाकलेली पॅकेजं पण गेली. फोटोंचा डेटासेट असेल तर हजारो सुट्या फाइली ड्राइव्हच्या एकाच फोल्डरात ठेवून तिथूनच वाचू नका, ड्राइव्ह टाइमआउट देतं आणि पोरांना वाटतं परत सेशन तुटलं. झिप करून ठेवा, मशीनवर कॉपी करा, तिथं उघडा. आणि रॅम भरून "क्रॅश" असा मेसेज आला तर घाबरून रनटाइम डिलीट करू नका, त्यात फक्त कर्नल (मशीनवर तुमचा कोड चालवणारा प्रोग्राम) परत चालू झालेलं असतं, व्हेरिएबल जातात पण मशीनवरच्या फाइली तशाच असतात, बॅच साइझ (एका वेळी घ्यायचा डेटा) कमी करा नाहीतर डेटा तुकड्यानं वाचा आणि पुढं चला. रात्रभर चालवायचंच असेल तर कॅगलवर (कोलॅबसारखीच दुसरी साइट) सेव्ह अँड रन ऑल करून ठेवता येतं, ब्राउझर बंद केला तरी ते तिकडं चालत राहतं, सीपीयू आणि जीपीयूला १२ तासांची मर्यादा तिथंही हायच, आणि जीपीयूचा आठवड्याचा कोटा साधारण ३० तास. फक्त फोन नंबर व्हेरिफाय केलेला पाहिजे नाहीतर नोटबुकमधून इंटरनेट चालत नाही, आणि मग पॅकेज इन्स्टॉल होईना म्हणून परत ग्रुपवर बोंब.

इन्कॉग्निटो हा तो अर्धा बरोबर उपाय. सरांनी नोटबुकची लिंक पाठवली, उघडली तर अ‍ॅक्सेस नाही, रिक्वेस्ट पाठवा असं येतं, तेव्हा बहुतेक वेळा भानगड अशी की ब्राउझरमध्ये दोन जीमेल लॉगिन हायत, घरचं आणि कॉलेजचं, आणि लिंक उघडते पहिल्या लॉगिन झालेल्या अकाउंटनं. शेअर मात्र कॉलेजच्या अकाउंटला केलेलं असतं. खानापूरकडच्या एका पोरीचं हेच झालं होतं, तिनं चार वेळा रिक्वेस्ट पाठवली, सर म्हणतात दिलंय की, आणि दोघंही खरं बोलत होते. इन्कॉग्निटोत एकच अकाउंट असतं म्हणून तिथं ते सुटतं. पण कायम तिथंच काम करायचं म्हटलं की दुसरा त्रास सुरू, क्रोम इन्कॉग्निटोत थर्ड पार्टी कुकीज अडवतं आणि कोलॅबचे आउटपुट दुसऱ्या डोमेनवरून फ्रेममध्ये येतात, त्यामुळं फाइल अपलोडचं बटण चालत नाही, काही आउटपुट कोरे दिसतात. कायमचा इलाज म्हणजे कॉलेजच्या अकाउंटला क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल करा, विषय संपला.

कॉलेजच्या अकाउंटचीच अजून एक गोष्ट. कोलॅब ही सर्व्हिस अ‍ॅडमिननं बंद ठेवलेली असू शकते, किंवा कॉलेजबाहेरच्या जीमेलला ड्राइव्ह शेअर करायला बंदी असू शकते. तसं असेल तर तुम्ही ब्राउझर बदला, लॅपटॉप बदला, काही फरक पडणार नाही, लॅब असिस्टंटला नाहीतर अ‍ॅडमिनला गाठायचं. आणि कॉलेजच्या वायफायवर कनेक्टिंग असं नुसतं गोल गोल फिरत राहिलं आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लगेच जोडलं गेलं, तर तिथल्या फायरवॉलनं वेबसॉकेट (टॅब आणि रनटाइममधलं सतत चालू राहणारं कनेक्शन) अडवलेत असं समजा. ही दोन मिनिटांची टेस्ट हाय, ती आधी करा.

हिस्ट्री उडवायचं एका वाक्यात निपटतं: हिस्ट्री तुमच्या लॅपटॉपवर, रनटाइम गुगलकडं, त्यानं तिकडं काही होत नाही, उलट सोबत कुकी पण गेल्या तर बऱ्याच साइटवरून लॉगआउट होऊन पासवर्ड आठवत बसावं लागतं. कुकी काढायचीच असेल तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर जाऊन तेवढ्या साइटची काढा. याचा खरा उपयोग होतो तो स्वतःच्या लॅपटॉपवरच्या ज्युपिटरला (नोटबुक चालवायचं सॉफ्टवेअर), तिथं ४०३ (परवानगी नाही) आला किंवा एक्सएसआरएफ असं काहीतरी आलं की लोकलहोस्टच्या जुन्या कुकी काढून टर्मिनलमधली टोकनवाली (लॉगिनसाठीचा गुप्त कोड असलेली) पूर्ण लिंक परत टाकायची. आणि आधीचं ज्युपिटर बंद न करता दुसरं चालू केलं तर ते ८८८८ ऐवजी ८८८९ पोर्टवर जातं, जुना टॅब जुन्याच पोर्टवर राहतो, नवं टोकन तिथं चालत नाही. ग्रुपवरच्या बऱ्याच टोकनच्या तक्रारी अशा निघतात.

राहिलं व्हीपीएन आणि दुसरं जीमेल. जीपीयू मिळेना याचं कारण तुम्ही कुठं बसलाय हे नाही, अकाउंटचा वापर आणि त्या वेळची गर्दी हे हाय. व्हीपीएननं लांबचा वळसा पडतो आणि उलट कॅपचा वाढतात. मर्यादा चुकवायला अनेक अकाउंट वापरणं तर कोलॅबच्या नियमात स्पष्ट मनाई केलेल्या गोष्टींत हाय, प्रोजेक्ट डेमोच्या आदल्या दिवशी अकाउंटवर बंधन आलं तर कुणाकडं जाणार? त्याआधी रनटाइम मेनूत मॅनेज सेशन्स उघडून बघा, टॅब बंद केला म्हणून सेशन लगेच बंद होत नाही, कालपासून एखादं जीपीयू घेऊन तसंच पडलेलं असतं, ते टर्मिनेट करा. आणि डेटा साफ करणं, ग्राफ काढणं असल्या कामाला जीपीयू लावूच नका, सीपीयूवर करा, ट्रेनिंगच्या वेळेलाच बदला.

ज्यांनी तो कन्सोलचा कोड आधीच टाकलाय त्यांनी टॅब रिफ्रेश करा, बटण दाबणारा भाग तेवढ्यानं थांबतो. पण कोडमध्ये न समजणाऱ्या लांबलचक ओळी होत्या असं वाटत असेल तर गुगल अकाउंटच्या सिक्युरिटी पानावर जाऊन कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन हाय आणि कुठल्या अ‍ॅपला परवानगी दिलीय ते बघा, अनोळखी दिसलं की काढा आणि पासवर्ड बदला. आणि ग्रुपवर विचारताना "चालेना" एवढंच टाकू नका, लाल अक्षरातली पूर्ण ओळ, कुठल्या अकाउंटनं उघडलंय आणि नेट कुठलं हाय, एवढं लिहा.