मॅडम, गाडी तर एकदम ओके आहे!

पाचव्यांदा. पाचव्यांदा हे वाक्य ऐकलं आणि या वेळी काउंटरपलीकडच्या त्या टाय लावलेल्या मुलाकडे मी नुसती बघत राहिले. "मॅडम, पूर्ण चेक केली. गाडी तर एकदम ओके आहे." बरं बाबा, गाडी ओके. मग बिघाड माझ्यातच असणार. रात्री बंद केलेली डिकी सकाळी सताड उघडी दिसते ती मलाच. डॅशबोर्डवर एका वेळी सात दिवे पेटतात ते माझ्याच डोळ्यांना. या सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून आत गेलं की माझी गाडी शहाण्या मुलासारखी हाताची घडी घालून बसते, आणि बाहेर पडलं की तिच्या अंगात येतं.

गाडी घेताना काय ते स्वागत! मधल्या आकाराची एसयूव्ही, घरातल्या पाच जणांना ऐसपैस, डिकीत व्हीलचेअर मावते (हे आमच्यासाठी महत्त्वाचं होतं, बाबांची आहे), आणि लेकीच्या हट्टाखातर सनरूफ. त्या सनरूफचं पुढे काय झालं ते सांगतेच. विकणारा मुलगा तेव्हा दिवसातून तीनदा फोन करायचा. आता मी फोन केला की संगीत वाजतं.

सुरुवात पावसापासून झाली. बाबा, म्हणजे माझे सासरे, पुढे शेजारच्या सीटवर बसले आणि पाच मिनिटांत म्हणाले, "अगं, पायाखाली ओलं लागतंय." मला वाटलं, बाटली सांडली असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांचे मोजे ओले. मी मॅट उचललं, खालचं कार्पेट वरून जेमतेम दमट होतं. अंगठा दाबला तर भिजल्या स्पंजमधून यावं तसं पाणी वर आलं. तो वास अजून नाकात आहे, बंद पेटीत विसरलेल्या ओल्या टॉवेलचा.

पहिली फेरी. "मॅडम, एसीचं पाणी आहे." हे निदान अगदीच वेडगळ नव्हतं, तेवढं मी मान्य करते. एसी हवेतली वाफ खेचतो, ते पाणी एका नळीतून गाडीखाली ठिबकतं आणि ती नळी तुंबली की पाणी आत येतं. पण मी त्या मुलाला सांगितलं, आठवडाभर एसी लावलेलाच नाही. पाऊस आला की ओलं होतं, उघडीप असली की होत नाही. तो मान डोलवत होता आणि टॅबवर काहीतरी टाइप करत होता. मला वाटलं, मी सांगतेय तेच लिहितोय. किती भाबडी मी! संध्याकाळी गाडी मिळाली, सोबत बिल. एसी ड्रेन साफ केला, ठीक. पण त्याखाली एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश. मी पाय ओले होतात म्हणून गाडी टाकली होती हो! इंजिनाचे पाय नाही, माणसाचे.

आणि फोन कुणाला आला? नवऱ्याला. गाडी माझ्या नावावर, हप्ता माझ्या खात्यातून, गाडी टाकली मी, नंबर दिला माझा, आणि "काम झालंय सर, या घ्यायला" हे त्याला. त्याला बिचाऱ्याला गाडी सर्व्हिसला गेलीये हेही ठाऊक नव्हतं.

दुसरी फेरी बॅटरीची. सकाळी बटन दाबलं तर टक्-टक्-टक्, बास. "मॅडम, तुमची गाडी कमी चालते. रोज चालवत जा." मी रोज शाळा, ऑफिस आणि फिजिओथेरपी असं तीन टोकं गाठते, पण असू दे. बॅटरी वॉरंटीत नाही म्हणे, तिचा नियम वेगळा. नवीन घातली, पैसे माझे. बाराव्या दिवशी नवीन बॅटरीही मेली. बंद गाडीतले कंप्युटर झोपी गेले की गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरच्या आतच वीज खायला हवी. एखादा जागाच राहिला तर तो रात्रभर बॅटरी पितो. हे तपासायला एक मीटर, थोडा धीर आणि गाडी झोपेपर्यंत थांबायची तयारी एवढंच लागतं. पण थांबायला कुणाला वेळ आहे? बॅटरी बदलली की वीस मिनिटांत पुढची गाडी.

तिसऱ्या फेरीला दिव्यांची आरास. एबीएस, स्टिअरिंग, पार्किंग सेन्सर, सगळे एकदम. यांनी स्कॅनर लावला, कोड आले (कोड म्हणजे गाडीने स्वतःच नोंदवून ठेवलेले बिघाडाचे नंबर), आणि त्या महाशयांनी काय करावं? पुसून टाकले! "कोड क्लिअर करून दिलेत मॅडम, सॉफ्टवेअरही अपडेट केलं." अरे, चोरी झालेल्या घरात येऊन आधी फरशी पुसून काढायची आणि मग म्हणायचं, इथे तर ठसेच नाहीत! कोडसोबत त्या क्षणाची नोंदही साठलेली असते, गाडीचा वेग काय, इंजिन किती तापलेलं, असं बरंच. कोड पुसला की तीही जाते. पुढच्या फेरीला हेच विचारणार, "आधी कधी असं झालं होतं का?" झालं होतं ना! तुमच्याच हाताने मिटवलंत.

त्या रात्री मी एक छोटा स्कॅनर मागवला, मोबाइलला जोडतात तो. दिवे पुन्हा लागले तेव्हा स्वतः बघितलं. 'यू'ने सुरू होणारे कोड होते. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, 'सी' म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचं, 'बी' म्हणजे बॉडी आणि 'यू' म्हणजे गाडीतले कंप्युटर एकमेकांशी बोलेनासे झालेत. माझ्याकडे यू०१४० होता, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी संपर्क तुटला. दारं, दिवे, लॉक, डिकी सांभाळणारा हाच तो डबा. मी वाणिज्य शाखेची बाई. मला जे एका संध्याकाळी कळलं ते यांच्या अख्ख्या वर्कशॉपला तीन फेऱ्यांत कळू नये?

चौथी फेरी डिकीची. आपोआप उघडायची. यावरचं उत्तर ऐका. "चावीचं बटन तुमच्या पर्समध्ये दाबलं जात असेल." चावी खुंटीवर होती. मी व्हिडिओ दाखवला: अंगणात गाडी, आसपास चिटपाखरू नाही आणि डिकी सावकाश, ऐटीत वर जातेय. "व्हिडिओ वॉरंटीला चालत नाही मॅडम, आमच्यासमोर व्हायला पाहिजे." म्हणजे मी डिकीला विनंती करायची की बाई, साहेबांपुढे एकदा उघडून दाखव.

मग एका सुट्टीच्या दिवशी मीच बसले. सनरूफ म्हणजे डब्याचं घट्ट झाकण नव्हे, हे मला तेव्हा कळलं. कडेच्या रबरातून थोडं पाणी आत येणार हे धरूनच ते बनवतात. खाली पन्हाळीसारखी खाच असते, तिच्या कोपऱ्यांना नळ्या असतात आणि त्या छत तोलणाऱ्या खांबांच्या आतून उतरून पाणी गाडीखाली सोडतात. आमची गाडी झाडाखाली उभी असते. मी सनरूफ उघडलं, बाटलीने एकेका कोपऱ्यात हळूहळू पाणी ओतलं. तीन कोपऱ्यांतलं पाणी गुपचूप खाली जमिनीवर आलं. चौथ्यात ते नुसतं तुंबून राहिलं. मग काठोकाठ झालं. मग पुढच्या खांबाच्या आवरणाआडून बाबांच्या पायांच्या जागेवर टप... टप... टप. लेक मागच्या सीटवरून मोबाइल धरून चित्रण करत होती. एक बाटली पाणी आणि दहा मिनिटं. यांना चार फेऱ्यांत जमलं नाही ते हे एवढंच!

तो व्हिडिओ घेऊन पाचव्यांदा गेले, तर वर सांगितलेलं वाक्य. गाडी एकदम ओके. मी म्हटलं, वर्कशॉपमधला माणूस बोलवा, त्याशिवाय मी हलणार नाही. बराच वेळ टाळाटाळ झाली, ग्राहकांना आत जायला परवानगी नाही वगैरे. शेवटी हात पुसत एक वयस्कर मेकॅनिक आले. व्हिडिओ एकदाच पाहिला. काही न बोलता दाराची पट्टी काढली, कार्पेटचं टोक उचललं, खालचा जाड फोम पिळला. पाणी ओघळलं. मग त्यांनी खांबाच्या बुडाशी असलेला वायरिंगचा एक कनेक्टर सोडवून माझ्यापुढे धरला. पिना हिरव्या पडलेल्या, जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा थर. "ताई, सगळं इथूनच आहे. बॅटरी, दिवे, डिकी, सगळं. हे पहिल्यांदाच सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

सांगितलं होतं हो काका! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा मी ते पाचही जॉब कार्ड, म्हणजे गाडी टाकताना आपली सही घेतात ते कागद, बाहेर काढले आणि पहिल्यांदाच नीट वाचले. चूक माझी, सही करताना वाचायला हवे होते. 'ग्राहकाची तक्रार' या रकान्यात पहिल्या कार्डावर काय होतं? 'जनरल चेकअप. एसी वास.' पाऊस नाही, पाणी नाही, ओले मोजे नाहीत. म्हणजे माझं म्हणणं वर्कशॉपपर्यंत पोचलंच नव्हतं. मधे बसलेला तो टाय वाटेतच गाळून टाकत होता.

काकांच्या डोळ्यांत मला तेव्हा थोडी कणवही दिसली. त्यांच्याशी नंतर बोलताना बरंच कळलं. वॉरंटीच्या प्रत्येक कामाला कंपनीने तास ठरवून दिलेले असतात, तेवढेच डीलरला मिळतात. कधी होतो, कधी होत नाही असा बिघाड शोधायला अर्धा दिवस गेला तर तो अर्धा दिवस पाण्यात. उलट इंजिन फ्लशला कुठलं डोकं लागत नाही आणि पैसे रोख. त्यामुळे गाडीत जे घाण नव्हतं ते सगळं यांनी साफ केलं, आणि जी एक नळी तुंबली होती तिला हात लावला नाही. कारण समजलं म्हणून राग कमी झाला असं मात्र नाही. वाढला.

आणि आता मॅनेजर. हे गृहस्थ बोलले ते ऐकून माझ्या मस्तकाची शीर उडायला लागली. "मॅडम, हे बाहेरचं पाणी आत शिरल्यामुळे झालंय. वॉरंटीत बसत नाही. शिवाय सनरूफचे ड्रेन साफ ठेवणं ही मालकाची जबाबदारी." पाणी बाहेरचंच असणार ना! आत काय विहीर खणलीये मी? आणि कालपर्यंत गाडीत काहीच नव्हतं, गाडी ओके होती. आज एकाएकी बिघाड आहे, पण तो माझा! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी विचारलं, सर्व्हिसच्या तुमच्या यादीत ड्रेन तपासणी कुठे लिहिलीये ते दाखवा. त्यांनी यादी वरून खाली, खालून वर पाहिली. वायपरचं पाणी होतं, दारांच्या बिजागऱ्यांचं ग्रीसिंग होतं. ड्रेन नव्हता.

पाच जॉब कार्ड, दोन व्हिडिओ आणि हिरव्या पिनांचा फोटो असं सगळं थेट कंपनीला पाठवलं. तीन आठवडे आणि अकरा मेल गेले. शेवटी वायरिंग बदलून दिलं, अर्धा खर्च त्यांचा, अर्धा माझा. त्याला ते म्हणतात 'गुडविल'. सद्भावना! तुमच्या हलगर्जीपणाचं अर्धं बिल मी भरायचं आणि वर तुमची सद्भावना मानायची. बॅटरीचे पैसे तर विषयच नाही म्हणाले.

नळी मात्र काकांनी माझ्यासमोर मोकळी केली. गवत कापायच्या यंत्रातली मऊ नायलॉनची दोरी वरून हलकेच सरकवत नेली आणि खालून काळा चिखल आणि कुजलेल्या पानांचा गोळा बाहेर आला, जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. शेजारचा पोरगा हवेची गन घेऊन आला होता, त्याला त्यांनी हाकललं. जोरात हवा मारली तर नळी आतल्या आत सांध्यातून निसटते आणि मग सगळं छत उतरवावं लागतं म्हणे. हे ज्ञान त्या इमारतीत एका माणसाकडे आहे, आणि त्याला काउंटरवर यायची परवानगी नाही.

गाडी परत आली तेव्हा कार्पेटच्या दोन क्लिपा गायब होत्या आणि खांबाचं आवरण आता खड्ड्यात कटकट वाजतं. मी ते घेऊन पुन्हा जाणार नाहीये, त्या कटकटीवर मी कागदाची घडी कोंबलीये. दुसऱ्याच दिवशी फीडबॅकचा फोन. "मॅडम, दहापैकी दहा द्या प्लीज, नऊ दिले तरी आमच्याकडून कापतात." मी दोन दिले, ते दोन काकांचे. पलीकडची मुलगी रडवेली झाली आणि मलाच अपराधी वाटायला लागलं. बघा, ही पण त्यांचीच युक्ती! सडलेल्या कनेक्टरचा राग मी कुणावर काढायचा, तर महिनाअखेर पगार कापला जाणाऱ्या पोरीवर.

आणि काल परत फोन. नवऱ्यालाच, अर्थात. त्याने स्पीकरवर टाकला. "सर, तुमच्या गाडीची सर्व्हिस ड्यू आहे. आणि पावसाळ्यासाठी आमचं नवीन पॅकेज आलंय, सनरूफ ड्रेन क्लीनिंग. हवेच्या प्रेशरने करून देतो, एकदम ओके."