उशिराचे १९ पौंड

शुक्रवार, ५ डिसेंबर. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, पाव टक्क्याने उतरवून ५.२५ वर आणला आणि चिंचवडहून दादाचा मेसेज आला, "आमचा घरकर्जाचा दर उतरला. तुमचं झालं का?"

आमचं झालं नव्हतं. मी इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्समधल्या स्वयंपाकघरात एका हाताने पोहे भिजवत दुसऱ्या हाताने, आमचं घरकर्ज दुसऱ्या बँकेत हलवणाऱ्या वकिलांच्या कंपनीचं पोर्टल उघडत होते. त्यावर एक हिरवी पट्टी असते. आठ टप्पे, त्यातले सहा पूर्ण. गेले तीन आठवडे सहाच पूर्ण. ती पट्टी दिवसातून किती वेळा बघावी याला काही मर्यादा असते, हे मला कळतं. तरी बघत होते, कारण १ डिसेंबरपासून आमचा प्रत्येक दिवस १९ पौंडांना पडत होता.

हे १९ पौंड कुठून आले, ते सांगते. इंग्लंडमध्ये घरकर्जाचा दर बहुतेक जण दोन किंवा पाच वर्षांसाठी बांधून घेतात. आम्ही २०२० मध्ये, बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर ०.१ टक्का असताना, २,४०,००० पौंडांचं कर्ज १.७९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी बांधलं. हप्ता ८६२ पौंड. ती मुदत ३० नोव्हेंबर २०२५ ला संपत होती. संपली आणि तुम्ही काहीच केलं नाही, तर कर्ज आपोआप बँकेच्या नेहमीच्या बदलत्या दरावर जातं. आमच्या बँकेचा तो दर साडेसात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे हप्ता साधारण १,५४०. म्हणून मुदत संपायच्या आधी नवा दर शोधायचा. दुसऱ्या बँकेकडे गेलात तर त्याला रीमॉर्टगेज म्हणतात. दादाच्या भाषेत 'टेकओव्हर'.

आम्हाला दुसरीकडे दोन वर्षांसाठी ४.१४ टक्के मिळाले. हप्ता १,११६. उरलेल्या २,०८,००० पौंडांवर साडेसात आणि ४.१४ मधला फरक दिवसाला १९ पौंड होतो. आणि हे सगळं १ डिसेंबरलाच व्हायला हवं. एक दिवस आधी झालं तर जुनी बँक मुदतीआधी कर्ज फेडल्याचा दंड लावते, एक दिवस नंतर झालं तर १९ पौंड. एवढ्या बारीक फटीतून आख्खं घर सरकवायचं.

आमच्याच बँकेने ४.४९ टक्क्यांचा प्रस्ताव दिला होता. त्याला ना वकील, ना सही; दोन क्लिकचं काम. पण वर्षाला सातशेतीस पौंड वाचतात म्हणून आम्ही बाहेर पडलो. मराठी माणूस पैशाच्या मागे लागत नाही असं कोण म्हणतं, त्याने माझ्या नवऱ्याची स्प्रेडशीट बघावी.

आता दादाचं. दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर त्याने नेहमीचा विषय काढला. त्याने २०२१ मध्ये २० वर्षांसाठी कर्ज घेतलं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ वर गेला. बँकेने हप्ता थोडासा वाढवला आणि बाकीचं मुदतीत ढकललं. दादाला हे कळलं ते कर वाचवण्यासाठी व्याजाचा दाखला काढला तेव्हा. २० वर्षांचं कर्ज २७ वर्षांवर गेलेलं. "म्हणजे मी अडुसष्टाव्या वर्षी हप्ते भरणार! आणि हे मला कुणी सांगितलं सुद्धा नाही!" तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "आपल्याकडे पण तुमच्यासारखं फिक्स पाहिजे." त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरही हाच वाद चालतो, फिक्स की फ्लोटिंग, म्हणजे बांधलेला दर की बदलता. परदेशातला नातेवाईक हा अशा वादात पुरावा म्हणून वापरला जातो. "माझी बहीण इंग्लंडमध्ये आहे, तिथे सगळं फिक्स असतं."

तर मी त्याच्या बाजूची साक्षीदार नाही, हे लिहून टाकते.

फिक्स म्हणजे कर्ज फिटेपर्यंत फिक्स असा दादाचा समज आहे. तसं अमेरिकेत मिळतं. न्यू जर्सीतल्या माझ्या मैत्रिणीने तीस वर्षांसाठी तीन टक्क्यांच्या आत दर बांधलाय आणि आता घर लहान पडतं तरी ती हलायला तयार नाही. इंग्लंडमधलं फिक्स हे भाडेकरारासारखं आहे. अकरा महिन्यांनी मालक परत समोर उभा. दादाची काळजी वीस वर्षांवर पातळ पसरलेली असते, आमची साठवून ठेवून एका तारखेला अंगावर येते. सप्टेंबर २०२२ मध्ये ज्यांची तारीख आली त्यांना विचारा. २३ तारखेला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी ते छोटं बजेट मांडलं, बाजार कोसळला, बँकांनी कर्जयोजना रातोरात मागे घेतल्या आणि ऑक्टोबर उजाडल्यावर दोन वर्षांच्या फिक्सचा सरासरी दर ६ टक्क्यांच्या वर गेला. आमच्या ओळखीचं एक नागपूरचं कुटुंब तेव्हा पहिलं घर घेत होतं. बँकेचं ऑफर लेटर हातात होतं म्हणून त्यांचा जुना दर टिकला, पण त्या पत्राची मुदत सहा महिने. ज्यांचं घर घेत होते त्यांना पुढचं घर मिळेना, आणि ते मिळेपर्यंत यांनी थांबायचं. त्या सहा महिन्यांत दोघांनी नोकरी बदलली नाही, नवं क्रेडिट कार्ड घेतलं नाही, सोफासुद्धा हप्त्यावर घेतला नाही. बँक शेवटच्या आठवड्यात पुन्हा तपासणी करू शकते म्हणून. नव्या घरात पहिले तीन महिने ते सतरंजीवर बसत होते.

आणखी एक. दादा दरवर्षी दिवाळीचा बोनस कर्जात भरतो. कधीही, कितीही. फ्लोटिंग घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावायचा नाही हे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच बजावलंय. मला फिक्सच्या काळात वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त भरता येत नाही. भरले तर टक्केवारीत दंड. ही मोकळीक दादाला मोकळीक वाटतच नाही, कारण ती त्याच्याकडे आधीपासून आहे.

पण मला खरं सांगायचंय ते पट्टी सहाव्या टप्प्यावर का अडकली ते.

अर्जात एक प्रश्न होता, घरात सतरा वर्षांवरील आणखी कोण राहतं? सासूबाई सप्टेंबरमध्ये कराडहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. नवऱ्याने प्रामाणिकपणे त्यांचं नाव लिहिलं. नोव्हेंबरात वकिलांकडून जाड लिफाफा आला. आत कर्जाचा दस्त होता आणि सासूबाईंसाठी वेगळा कागद. उद्या बँकेने घर ताब्यात घेतलं, तर इथे राहणारी सज्ञान व्यक्ती हक्क सांगून अडून बसू नये म्हणून तिची आधीच संमती घेतात. हे दोन्ही कागद साक्षीदारासमोर पेनाने सही करून टपालाने पाठवायचे.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसल्या. "यात लिहिलंय काय?"

"या घरावर तुमचा कसलाही हक्क नाही, असलाच तर बँकेच्या मागे, असं तुम्ही लिहून देताय," मी सांगितलं.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, मला कुठे हवाय हक्क. पण लिहून कशाला?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "असंच एकदा माहेरी लिहून दिलंय मी."

हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात, दोन्ही भाऊ बाजूला उभे, साडीचोळी आणि परतीच्या एसटीचं तिकीट. एवढंच सांगितलं त्यांनी. नवरा ऐकत होता. त्यालाही हे ठाऊक नव्हतं. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण ही गोष्ट माझ्यापर्यंत पोचायला इंग्लंडमधल्या एका बँकेचा फॉर्म यावा लागला. त्या दिवशी सही झालीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पेन मागितलं आणि पासपोर्टवर आहे तशी देवनागरीत, सावकाश, रेघ ओढून सही केली.

साक्षीदार म्हणून शेजारच्या सत्तरीच्या बाई आल्या. नातेवाईक चालत नाही. त्यांनी चहा घेता घेता २० ऑक्टोबर २०१४ ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी बँक ऑफ इंग्लंडची पैसे फिरवायची यंत्रणा जवळजवळ दहा तास बंद पडली होती आणि त्यांची मुलगी सामानाने भरलेल्या व्हॅनमध्ये नव्या घरासमोर संध्याकाळपर्यंत बसून होती. किल्ली दलालाच्या खिशात, पैसे हवेत. आईंना मी मराठीत सांगितलं, तर म्हणाल्या, "मग चहा तरी दिला का कुणी त्या पोरीला?"

लिफाफा गेला. दहा दिवसांनी परत आला. शेजारच्या बाईंनी नाव, पत्ता, सही सगळं दिलं होतं; 'व्यवसाय' या ओळीत काही लिहिलं नव्हतं. निवृत्त बाईने काय लिहायचं? 'निवृत्त' असं लिहायचं होतं. मध्ये आणखी एक पत्र: भूमी नोंदणीत माझ्या नावात नवऱ्याचं नाव मधोमध आहे, बँकेत नाही, तर या दोन्ही बाया एकच, असं लिहून द्या. तेही दिलं. तेवढ्यात जुन्या बँकेच्या हिशेबाच्या पत्राची तारीख उलटली, म्हणून ते नव्याने मागवलं. फोन केला की प्रत्येक वेळी नवा आवाज, प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगायचं. प्रत्येकजण अत्यंत सभ्य. दादाच्या बँकेत साहेब खेकसतात, पण साहेब दिसतात. साडेदहाला जाऊन त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसता येतं आणि फाइल हलेपर्यंत उठायचं नाही, हा मार्ग उपलब्ध असतो. आमची फाइल कुठल्या गावात आहे, हेही मला माहीत नव्हतं. ही वकील कंपनी नव्या बँकेने आम्हाला फुकट दिलेली. फुकटच्या वकिलाचं अशील नक्की कोण, हा प्रश्न मला उशिरा पडला.

शेवटी ९ डिसेंबरला झालं. आठ दिवस, १५२ पौंड, म्हणजे अठरा हजार रुपये. चूक कुणाची? एक रिकामी ओळ. पैसे कुणाचे? आमचे. मी तक्रार केली. खेद व्यक्त करणारं सुंदर पत्र आलं.

म्हणून दादाला मी म्हणते, फिक्स की फ्लोटिंग यावर तुम्ही ग्रुपवर भांडू नका. उशीर झाला, दर बदलला, तर त्याचा भुर्दंड कुणावर, यावर भांडा. कारण त्या बाबतीत तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नाही. १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची, आणि तिच्यामुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दर दिवसाला! बँकेने! माझ्या १९ पौंडांच्या शेजारी ठेवून बघ. आणि दर बदलला की हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते ग्राहकाला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला ठरवू द्या, असं ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात आहे. फिक्सवर जायचा पर्यायही द्या असं त्यात होतं, पण ऑक्टोबर २०२५ पासून तो देणं बँकेच्या मर्जीवर आहे. दादाने हे परिपत्रक वाचलं नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवरही कुणी टाकलं नव्हतं, तिथे माझं उदाहरण चालू होतं.

उलट इथलं काय घ्यावं म्हणशील, तर ऑगस्टमध्ये आलेलं ते एक पानी पत्र. तुमचा दर या तारखेला संपतो, काही केलं नाही तर हप्ता इतका होईल. पौंडांत, ठळक अक्षरात. तसं एक पत्र दादाला २०२२ मध्ये मिळालं असतं, तर तो फिक्सच्या प्रेमात पडलाच नसता.

"म्हणजे मी फ्लोटिंगवरच राहू?" दादा.

"मुदत परत वीसवर आणायला सांग आधी. दर उतरलाय ना?"

"हप्ता कमी होईल म्हणून तुझी वहिनी खूश आहे."

ते दोघांनी बघून घ्यावं.

१८ डिसेंबरला बँक ऑफ इंग्लंडने दर ३.७५ वर आणला. आम्ही बांधून नऊ दिवस झाले होते. नवऱ्याने स्प्रेडशीट उघडली, बंद केली. आमची पुढची तारीख २०२७ च्या अखेरीस आहे. तो हळूच म्हणाला, "त्या वेळी अर्ज भरताना आई इथे नसतील असं बघू या."

आई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी येणार. त्या बाईंना फक्त सांगून ठेव, निवृत्त लिहायचं म्हणून."