सिंथ ढिम्म!

मिडी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा, १९८३ पासून आहे. तरी सिक्वेन्सरला (सुरांचा क्रम पाठवणारं यंत्र) बाहेरचा सिंथ (ते सूर वाजवणारं वाद्य) जोडायचा म्हटलं की आधी अर्धा तास मेन्यूत डोकं घालायचं! चॅनल सगळे मिळून १६. सिक्वेन्सर पाठवतोय २ वर, सिंथ कान लावून बसलाय १ वर. इकडे दिवे पळतायत, पॅटर्न जोरात चालू, आणि तिकडे चिडीचूप.

केबलचं तर बोलूच नका. जुनी पाच पिनांची गोल केबल कुठेही खुपसा, चालायची. मग जागा वाचवायला हेडफोनसारखा छोटा जॅक आला आणि त्यातही टाइप ए, टाइप बी! बाहेरून जुळे भाऊ, आतल्या तारा उलटसुलट. २०१८ मध्ये टाइप ए प्रमाण ठरला एकदाचा, पण तोवर दोन्ही प्रकारची यंत्रं घरोघरी पोचली होती.

बरं, आवाज आला. आता क्लॉक, म्हणजे सगळ्या यंत्रांना एका लयीत ठेवणारे ठोके. एका क्वार्टर नोटला २४ टिक जातात, पण डिले पेडलनं (आवाजाचे प्रतिध्वनी काढणारं) त्या ऐकाव्यात यासाठी वेगळं सेटिंग. ते दिसणार कधी? दोन बटणं दाबून धरत पेडल चालू केलं तर! नाहीतर रिपीट भलतीकडेच. आधीपासून चालू ठेवलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

आणि यूएसबीनं जोडलं की घूंऽऽऽ! डिनच्या, म्हणजे त्या जुन्या पाच पिनांच्या, इनपुटला ऑप्टोकपलर असतो (सिग्नल प्रकाशातून नेऊन दोन यंत्रं विजेनं वेगळी ठेवणारा), इथे ग्राउंड थेट जुळतं. म्हणजे झालाच ग्राउंड लूप, तीच ही घूं. आता हा जोड तोडणारा आयसोलेटर शोधा, विकत घ्या, त्यालाही टेबलावर जागा करा.