कान घरी ठेवून या

हाय-फाय ऑडिओच्या प्रदर्शनाला निघालात? छान. मी गेल्या शनिवारीच जाऊन आलो. हॉटेलच्या खोल्यांमधले पलंग हलवून तिथे माणसाच्या उंचीचे स्पीकर उभे केलेले, दारावर ‘डेमो सुरू आहे, कृपया शांतता राखा’ अशी पाटी, आणि शेजारच्या खोलीतला बेस भिंतीतून थेट आपल्या खोलीत. डावा कान अजून गुणगुणतोय. अनुभव ताजा आहे तोवर चार हिताच्या गोष्टी सांगून टाकतो.

आधी बसायचं कुठे ते. प्रत्येक खोलीत एकच खुर्ची अशी असते, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावरची, जिथून स्टिरिओ नीट जुळून येतो आणि गायिका जणू मधोमध उभी राहते. त्या खुर्चीत एक गृहस्थ असतात. डोळे मिटलेले, बोटं गुडघ्यावर. ते उठत नाहीत. तुम्ही मागच्या भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि तिथूनच स्पीकरची लायकी ठरवा. खोली ५ मीटर लांब असेल तर ३४ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज त्या लांबीत अडकून बसतो. भिंतीपाशी तो छातीत धडधडतो आणि बरोब्बर मध्यावर जवळजवळ गायब होतो. म्हणजे भिंतीकडचे म्हणणार ‘बेस फार’, मधले म्हणणार ‘बेसच नाही’. दोघंही ऐकून आलेले असतात खोली, आणि मत देतात स्पीकरबद्दल. त्यांना सांगायला जाऊ नका. आणि आत शिरल्याबरोबर टाळी वाजवून घुमारा ऐकणारा कुणी दिसला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. रंगाचा बेरंग करतात असले लोक.

स्वतःचं संगीत मुळीच नेऊ नका. मी नेलं होतं. तानपुरा, एक आवाज आणि तबला, एवढंच. वर्षानुवर्षं ऐकलेलं, त्यामुळे जवारीचा झणकार कुठे कोरडा पडतो आणि डग्ग्याचा घुमारा कुठे नुसता ‘ढप’ होतो हे मला झोपेतही कळतं. बारा सेकंदांत बंद केलं त्यांनी. ‘सर, हे रेकॉर्डिंग तितकंसं चांगलं नाहीये. आमची सिस्टीम फार रिव्हीलिंग आहे, रेकॉर्डिंगमधले दोष उघडे पाडते.’ मग पुन्हा त्यांच्या डेमोतली तीच बाई, तीच कुजबुज, तोच डबल बेस, मधूनच पाण्याचे थेंब. इतकी रिव्हीलिंग सिस्टीम की तिच्यावर आख्ख्या जगातली आठच रेकॉर्डिंगं वाजवता येतात! घेऊन टाका.

वॉट विचारा, भरपूर विचारा. ५० वॉटचा अॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, १०० वॉटचा झाला की कमाल आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तेच ३ डेसिबल ८७ऐवजी ९० सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये जास्त वाजणारा, स्पीकर घेतला तर आपोआप मिळतात. पण ते पुढच्या पॅनेलवर निळ्या दिव्यात दिसत नाहीत ना.

आवाज आवडला नाही तर ‘बर्न-इन झालंय का?’, म्हणजे नवं यंत्र वाजून-वाजून मुरलंय का, एवढंच विचारा. अजून शंभर तास बाकी असतात. कायम.

हाय-रेझोल्यूशनच्या, म्हणजे सीडीपेक्षा बारीक रेकॉर्डिंगच्या, खोलीत मान डोलवायला विसरू नका. २००७मध्ये मेयर आणि मोरान या दोघांनी हाय-रेझोल्यूशन आवाज मध्येच सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या चाळणीतून काढला आणि ‘फरक ओळखा’ म्हटलं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर. नाणं उडवून यापेक्षा फार वेगळं आलं नसतं. पण नाणं मान डोलवत नाही.

आता मुख्य विषय, तुलना. जिच्यासाठी आपण मुळात जातो ती.

तुलना कशी ऐकायची, तर प्रदर्शकाच्या हाताकडे न बघता. मी बघितलं, ही माझी चूक. तिसऱ्या मजल्यावर स्पीकर केबलचा डेमो होता. आधी साधी तांब्याची तार, ‘तुमच्या घरी असते तशी’, हे म्हणताना चेहरा असा की आपण घरात काहीतरी मेलेलं ठेवलंय. एक मिनिट गाणं. मग अॅम्पचा आवाज शून्यावर, तार काढली, आणि चार मिनिटं भाषण. स्फटिक, दिशा, इलेक्ट्रॉनांचा प्रवास. मग मनगटाएवढी जाड, विणलेल्या कवचातली तार जोडली आणि आवाज पुन्हा वर नेला. पहिल्या वेळी डिस्प्लेवर आकडा होता ३८. आता ४१. मी खुर्चीच्या मागे उभा, हातातल्या फोनवर आवाज मोजायचं अॅप सुरू. आधी ७४ होतं, आता ७७. फोनचं मोजमाप काटेकोर नसतं, मान्य. पण तोच फोन, तीच जागा, तेच गाणं. फरक पकडायला तेवढं पुरतं.

आणि खोलीभर माना डोलल्या. ‘अहो, काय डिटेल!’ ‘पडदाच सरकला!’

फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३मध्ये दाखवून ठेवलंय की आवाज हळू असला की खर्ज कानाला कमी लागतो. म्हणजे जरासा वाढवला की गाणं भरून येतं. एखाद्या डेसिबलची वाढ तर ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवतही नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवते. ही काही गुप्त विद्या नाही. ऑडिओ विकणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असते, किंवा ठाऊक असायला हवी.

मी विचारलं, ‘दोन्ही वेळा आवाज सारखा होता का?’

‘सर, संगीत मीटरनं ऐकत नाहीत. कानांनी ऐकतात.’

टाळ्या नाही पडल्या, पण दोघं-तिघं हसले. मी म्हटलं, मग कानांनीच ऐकू. मी पाठ करून उभा राहतो, तुम्ही न सांगता तारा बदला, दहा वेळा. दहांत नऊ बरोबर आल्या तर आत्ता विकत घेतो. तर म्हणे, ‘ब्लाइंड टेस्टमध्ये मनावर ताण येतो सर, ताणात बारकावे हरवतात.’ अरे! चार मिनिटं बडबड करून पहिल्या तारेचा आवाज लोकांच्या डोक्यातून पार पुसून टाकलास तेव्हा बारकावे हरवले नाहीत? इतक्या बारीक फरकाची आठवण कानाला काही सेकंदच राहते.

बरं, तारेचा हिशोबच करू. २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार, स्पीकरपर्यंत ३ मीटर, जाऊन-येऊन ६ मीटर. रोध ०.०४ ओह्म. समोर ८ ओह्मचा स्पीकर. या तारेत आवाज घटणार सुमारे ०.०४ डेसिबल. उद्या चंद्रावरची तार आणलीत आणि तिचा रोध शून्य असला, तरी जास्तीत जास्त तेवढंच परत मिळेल. माझ्या फोनवर दिसले ३. ते तारेतून आले नाहीत. अंगठ्यातून आले.

हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४मध्ये कंपनीच्याच कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर एकदा उघड्यावर आणि एकदा पडद्याआडून ऐकवले. उघड्यावर दिलेले गुण पडद्याआड टिकले नाहीत. पुढे त्यांनी स्पीकर पडद्यामागे आपोआप सरकून त्याच जागी येतील असं यंत्रच बांधून घेतलं. ते लोक स्वतः स्पीकर विकतात! आणि प्रदर्शकांनो, तुम्हाला एक पडदा टांगवत नाही?

पडदा राहू दे. मल्टिमीटर आहे का? कुठल्याही वायरमनच्या पिशवीत असतो. एक टेस्ट टोन, म्हणजे एकसारखा सूर, लावायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघायचं, दुसऱ्या उपकरणाला तेवढंच आणायचं. एक टक्क्याच्या आत आलं की ०.१ डेसिबलच्या आत आलात. दोन मिनिटांचं काम. इतकी महागडी यंत्रं मांडता, एवढी माणसं आणता, आणि दोन मिनिटं तेवढी सापडत नाहीत? सापडतात. तुम्हाला ती नको आहेत. आवाज सारखा केला की मनगटाएवढी तार आणि घरातली तार सारखीच वाजते, हे तुम्हाला आमच्याआधीपासून माहीत आहे. याला डेमो म्हणत नाहीत. काट्यावर बोट ठेवून माल तोलणं म्हणतात.

आणि तुम्ही, डोलणारे! अर्ध्याअधिक जणांचे केस पांढरे झालेत. तुमचे कान १२ हजार हर्ट्झच्या वर काही ऐकत नसतील. माझेही नाहीत, मी तपासलंय. आणि तुम्ही ४० हजार हर्ट्झमधली ‘हवा’ ऐकता? कुणीतरी एकानं विचारायचं होतं ना, आकडा का बदलला म्हणून. डिस्प्ले तुमच्याही समोरच होता. सकाळी पहिल्या मजल्यावर मीही डोललो, फोन खिशात असताना. लाज वाटते. पण निदान दुपारी फोन बाहेर काढला. तुम्ही काढलात तो व्हिडिओ घ्यायला, तोही फ्लॅश लावून.

आणि ते मधल्या खुर्चीतले काका, उठा आता. सकाळी अकरापासून बसलात.