‘रिपोर्ट सेव्ह झाला’ असं दाखवलं, पण झाला नव्हता: मिरजेच्या डॉक्टरांच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. सोमवारी ऑफिसात सगळ्यांना बसवून मोठ्याने पुन्हा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार आधी लिहितो. १ तारखेला सकाळपासून तुमच्या लॅबने आमच्या सॉफ्टवेअरमध्ये २३ रिपोर्ट टाकले. दर वेळी हिरव्या पट्टीत ‘रिपोर्ट सेव्ह झाला’ असं आलं. साडेअकराच्या सुमारास पेशंट मोबाइलवर लिंक उघडायला लागले, तर आत काहीच नाही. कवठेमहांकाळहून आलेल्या आजींना दुसऱ्या दिवशी परत हेलपाटा पडला. फोन केल्यावर आमच्या ऑफिसातल्या मुलाने ‘पेज रिफ्रेश करून बघा’ एवढंच सांगितलं. तुमच्या भाच्याने ‘फोल्डरला ७७७ द्या, दोन मिनिटांचं काम आहे’ (म्हणजे फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळं करा) असं सुचवलं, ते आम्ही ऐकलं नाही आणि संध्याकाळी सहापर्यंत अपलोड बंद ठेवलं. शिवाय नंबरात तिरकी रेघ आली किंवा मराठी नाव लांबलं की रिपोर्ट जात नाही, हे तुम्ही आधी दोनदा सांगूनही आम्ही मनावर घेतलं नाही.

यातलं काहीही खोटं नाही. चूक आमची होती आणि तुमची मी मनापासून माफी मागतो. फक्त ७७७ च्या बाबतीत माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. ते का, ते पुढे लिहितो.

आधी झालं काय ते. महिनाअखेरीला आम्ही तुमचं काम जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवलं. आमचं सॉफ्टवेअर दर महिन्याला रिपोर्टसाठी नवीन फोल्डर करतं. हे काम १ तारखेच्या मध्यरात्री एक छोटा प्रोग्रॅम आपोआप करतो. जुन्या सर्व्हरवर तो प्रोग्रॅम वेबसाइटच्याच नावाने, म्हणजे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या खात्याखाली चालायचा. नव्या सर्व्हरवर लावताना आमच्याकडून तो ‘रूट’च्या खात्यात लावला गेला. रूट म्हणजे सर्व्हरचा मालक. त्याने केलेल्या फोल्डरची मालकी त्याच्याकडेच राहिली आणि परमिशन नेहमीची ७५५ लागली. याचा अर्थ मालकाने लिहावं, बाकीच्यांनी आत यावं, बघावं, पण काही ठेवू नये. तुमचे रिपोर्ट ठेवायचं काम वेबसाइटचं, आणि त्या फोल्डरात वेबसाइट ‘बाकीच्यांत’ मोडत होती.

सर्व्हर हलवल्यावर आम्ही तपासणी केली होती, दहा-बारा फाइल टाकून बघितल्या होत्या. पण ती चाचणी चालू महिन्याच्या फोल्डरात झाली आणि त्याची मालकी आम्ही हाताने बरोबर लावून ठेवलेली होती. महिना उलटल्यावर काय होईल, हे आमच्यापैकी कुणीच बघितलं नाही.

इथवर झालं ते निष्काळजीपणात मोडेल. पुढचं मला जास्त लागलं. फोल्डरात लिहिता आलं नाही, तर सॉफ्टवेअरने तसं सांगायला हवं होतं. आमच्याने ‘सेव्ह झाला’ म्हणून सांगितलं. आमचं सॉफ्टवेअर पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं आहे. तुमच्या काउंटरवरून आलेली फाइल आधी सर्व्हरवर एका तात्पुरत्या जागी उतरते. तिथून तिला कायमच्या फोल्डरात हलवायची एक आज्ञा असते. हलवणं जमलं नाही तर ती आज्ञा ‘नाही’ असं उत्तर देते. आमच्या कोडमध्ये ते उत्तर कुणी विचारातच घेतलेलं नव्हतं. आज्ञा दिली, पुढच्या ओळीत डेटाबेसमध्ये नोंद केली, त्याच्या पुढच्या ओळीत हिरवी पट्टी दाखवली. आणि पीएचपीचा नियम असा की पानाचं काम संपलं की तात्पुरत्या जागेतली फाइल आपोआप पुसली जाते. म्हणजे तुमच्या काउंटरवरच्या मुलीने हिरवी पट्टी बघून पुढचा पेशंट घेतला, तोवर आधीचा रिपोर्ट सर्व्हरवरून कायमचा गेलेला होता. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, ‘परमिशन नाकारली’ अशी ओळ २३ वेळा पडली होती. तो लॉग सकाळपासून कुणी उघडला नव्हता.

तो कोड सहा वर्षांपूर्वी मी स्वतः लिहिला होता. फोनवर ‘रिफ्रेश करा’ म्हणणाऱ्या मुलाला बोलायचा मला अधिकार नाही, कारण पडद्यावर त्यालाही सगळं व्यवस्थित झाल्याचंच दिसत होतं.

आता ७७७. तुमच्या भाच्याचा सल्ला वाईट हेतूने नव्हता. अडचण आली की बरेच जण पहिल्यांदा तेच करतात, आणि तेवढ्यापुरतं काम होतंही. आमच्या सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्स या सिस्टिमच्या परमिशनमध्ये तीन आकडे असतात: पहिला मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. वाचायला ४, लिहायला २, आणि फोल्डर असेल तर आत शिरायला १. बेरीज ७. तीनही आकडे ७ म्हणजे त्या सर्व्हरवर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम, कुठल्याही खात्याचा असो, तुमच्या पेशंटच्या रिपोर्टच्या फोल्डरात फाइल ठेवू शकतो, असलेली बदलू शकतो, पुसू शकतो. त्या सर्व्हरवर तुमच्याशिवाय आमच्या आणखी काही ग्राहकांची कामं आहेत. त्यातल्या एखाद्याच्या वेबसाइटला भोक पडलं, तर त्यातून आत आलेल्याला तुमच्या फोल्डरात शिरायला काही अडवणार नव्हतं. हिमोग्लोबिनचा एक आकडा कुणी बदलून ठेवला, तर ते आपल्याला कळणार तरी कसं?

म्हणून आम्ही फोल्डरची मालकी वेबसाइटच्या खात्याकडे दिली आणि मध्यरात्रीचा प्रोग्रॅम त्याच खात्यात हलवला. खरं कारण सापडायला सव्वा वाजला. दुरुस्तीला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्यानंतरही सहापर्यंत अपलोड बंद ठेवायचा निर्णय माझा होता. परमिशन दुरुस्त झाली तरी हिरवी पट्टी दाखवणारा कोड तोच होता. उद्या डिस्क भरली असती, तरी त्याने ‘सेव्ह झाला’ असंच म्हटलं असतं. तो कोड बदलल्याशिवाय तुमचा एकही रिपोर्ट आत घ्यायला मन धजेना. पण हे मी दीडलाच फोन करून तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही काउंटरवर लोकांची बोलणी खात होता आणि आम्ही इथे गप्प कोड लिहीत बसलो होतो. ते चुकलंच.

तिरक्या रेघेचं कारण अगदी साधं आहे आणि त्यासाठी तुम्हाला दोनदा सांगावं लागलं, याची लाज वाटते. तुमच्या रजिस्टरमध्ये नंबर ‘११८७/२४’ असा लिहितात, तसा तो वर्षानुवर्षं लिहीत आलेत. आम्ही तोच नंबर फाइलच्या नावात घालत होतो. संगणकाला तिरकी रेघ म्हणजे फोल्डर आणि फाइल यांच्या मधली खूण. तो ‘११८७’ नावाचं फोल्डर शोधायला जायचा, ते नसायचं, आणि रिपोर्ट अडायचा. यात आणखी एक धोका होता. नंबराच्या रकान्यात कुणी मुद्दाम दोन टिंबं आणि तिरकी रेघ टाकली, तर संगणक तेवढा एक फोल्डर मागे जातो. असं करत करत रिपोर्टच्या फोल्डराच्या बाहेर, भलतीकडेच फाइल ठेवता येते. तुमची तक्रार आम्ही पहिल्याच वेळी नीट बघितली असती, तर ही फटही तेव्हाच दिसली असती.

लांब मराठी नावांचंही तसंच. सर्व्हरवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला ३. आणि खुणा वेगवेगळ्या मोजल्या जातात: ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण संगणकाला त्यात श, हलंत, र आणि ईकार अशा चार खुणा दिसतात, म्हणजे १२ बाइट. ‘रक्ततपासणी’ला ३०. पेशंटचं पूर्ण नाव, तपासणीचं नाव, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, तारीख असं सगळं जोडून नाव केलं की ८५ खुणांनंतर जागा संपते. मराठी सॉफ्टवेअर म्हणून विकायचं आणि वर तुम्हाला नावं इंग्रजीत टाका म्हणायचं, हे आम्हाला शोभलं नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या रिव्ह्यूत नाही. फोनवर तुम्हाला सांगितली आहे, पण आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बाकीच्या लॅबनाही कळावी म्हणून इथे लिहितो. रिपोर्टचं फोल्डर आतापर्यंत वेबसाइटच्या उघड्या भागात होतं आणि लिंकमध्ये नंबर आणि नाव दिसत होतं. लिंक अंदाजाने बनवून दुसऱ्याचा रिपोर्ट उघडणं कठीण नव्हतं. गेल्या ९० दिवसांचे लॉग आम्ही चाळले. नंबर बदलत बदलत कुणी लिंका उघडत गेलंय, असं त्यात दिसलं नाही. पण त्याआधीचे लॉग आमच्याकडे नाहीत. पेशंटच्या माहितीची मूळ जबाबदारी २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा लॅबवरच ठेवतो, काम आमच्यासारख्याला दिलेलं असलं तरी. तेव्हा हे झाकून ठेवणं म्हणजे तुम्हालाच अडचणीत टाकणं होतं.

आता रिपोर्टचं फोल्डर उघड्या भागाच्या बाहेर आहे. फाइलचं नाव सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं, नुसती अक्षरं आणि आकडे, ज्यावरून कुणाला काही ओळखता येणार नाही. तुमचा तिरक्या रेघेचा नंबर आणि पेशंटचं मराठी नाव डेटाबेसमध्ये जसंच्या तसं राहतं, आणि डाउनलोड करताना पेशंटला तेच नाव दिसतं. लिंक उघडल्यावर मोबाइलवर आलेला ओटीपी टाकावा लागतो. हिरवी पट्टी आता फाइल डिस्कवर पोचल्यावर, परत वाचून मूळ फाइलशी जुळल्यावर आणि त्यानंतर नोंद झाल्यावरच येते. यातलं काहीही चुकलं तर लाल पट्टी येते आणि ‘रिपोर्ट सेव्ह झालेला नाही, मूळ फाइल जपून ठेवा’ असं मराठीत लिहून येतं. शिवाय रोज पहाटे साडेपाचला वेबसाइट स्वतःच्या खात्यातून एक छोटी फाइल ठेवून, वाचून, पुसून बघते. जमलं नाही तर माझा फोन वाजतो. १ तारखेला ती नव्या महिन्याच्या फोल्डरातच ठेवली जाते.

२३ पैकी १९ रिपोर्ट तुमच्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर सापडले आणि ते चढवले आहेत. उरलेले ४ स्कॅन केलेले होते आणि सहीचा कागद पेशंटकडे गेलेला आहे. त्या चौघांना तुमच्या लॅबला फोन करायला लागू नये. तुमची हरकत नसेल, तर तुमचा माणूस बरोबर घेऊन आमचा मुलगा घरोघरी जाईल आणि तिथेच स्कॅन करून आणेल, त्या आजींच्या घरी मी स्वतः जाईन. या महिन्याचं बिल पाठवणार नाही. रिव्ह्यू काढा किंवा बदला असं मी म्हणणार नाही.

गुरुवारी लॅब उघडायच्या आधी, सकाळी सातला येतो. तुमच्याच रजिस्टरमधल्या नंबराने आणि सगळ्यात लांब मराठी नावाने एक रिपोर्ट टाकून बघू. मग फोल्डरची परमिशन मुद्दाम बिघडवून तोच पुन्हा टाकू, म्हणजे लाल पट्टी तुमच्या काउंटरवरच्या मुलीला एकदा बघायला मिळेल. भाच्यालाही बोलवा.