गरी, करंट आणि आमचे बाबूजी

बाबूजींच्या तेरवीला जो आला तो जाताना एकच वाक्य बोलून गेला. "मोठा देवमाणूस होता बाई. कोनाच्या अध्यात नाई का मध्यात नाई." मी हात जोडून ऐकून घेतलं. त्या दिवशी बोलायचं बळ नव्हतं. आता चार महिने झालेत, आणि गेल्या रविवारी डोहावर जे पाहिलं त्यानंतर गप्प बसवत नाही, म्हणून लिहिते. ज्यांनी ते म्हटलं त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण माझे बाबूजी लोकांच्या अध्यातही होते आणि मध्यातही होते. त्यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, एकदा भर गर्दीत लोकांनी त्यांची कॉलर धरली, आणि गावातल्या दोन घरांशी आमचं बोलणं कितीतरी वर्षं बंद राहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबूजी लाईनमन होते. साकोली-लाखांदूर पट्ट्यातली, चुलबंद नदीच्या काठची सात गावं त्यांच्याकडे होती. २००५ ला वीज मंडळाचं, म्हणजे बोर्डाचं, विभाजन होऊन महावितरण आलं, पण आमच्याकडे आजही 'बोर्डाचा माणूस'च म्हणतात आणि बाबूजीही स्वतःला तेच म्हणायचे. सायकलच्या दांडीला बांधलेला, तारेतला उरलेला करंट जमिनीत सोडायचा डिस्चार्ज रॉड, खांद्यावर खांबावर चढायचा झुला, खाकी पिशवीत पाने आणि पक्कड. त्याच पिशवीत पक्कडीच्या शेजारी गरी, म्हणजे मासोळी धरायचा गळ.

गरीचा दोरा शॅकलवर गुंडाळलेला असायचा. शॅकल म्हणजे खांबावर तार बांधतात ते चिनी मातीचं, मधे खाच असलेलं, रिळासारखं दिसणारं. एक कड उडाली म्हणून खांबावरून उतरवलेलं ते त्यांनी ठेवून घेतलं होतं. तरंगायला मोराच्या पिसाची पांढरी दांडी, बोटभर कापलेली. काडी बांबूची, चुलीच्या धगीवर फिरवून सरळ केलेली. सरळ झाली का ते एक डोळा मिटून बघायचे. नवा खांब उभा केला की ओळंब्यात आहे का तेही अगदी तसंच बघायचे.

कामावर त्यांचा जीव होता. रस्त्यानं जाताना मान कायम वर. कुठल्या खांबावर कावळ्यानं तारेच्या तुकड्यांचं घरटं केलंय, कुठल्या डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, तेल झिरपतंय, कुठं बाभळीची फांदी तारेला टेकायला आलीय. लग्नाच्या वरातीतसुद्धा तेच. आई मागून म्हणायची, "खाली पाहून चाला जी, नालीत पडान." रात्री वादळ सुटलं की कोणी बोलवायला यायच्या आधी ते उठून पायताण शोधत असायचे.

कॉलर धरली ती गोष्ट मी नऊ वर्षांची असतानाची. जूनचा महिना, लोकांनी धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकलेले, पावसानं दडी मारलेली. नुसतं वादळ आलं आणि ११ केव्हीची तार तोडून गेलं. विहिरीवरच्या मोटारी बंद, पऱ्हे करपायला लागलेले. मी हट्ट करून त्यांच्यासोबत गेले होते, बॅटरी धरायला. खांबाखाली वीस-पंचवीस माणसं. "चढा ना जी, लाईन तं बंदच आहे. दिसत नाई का?" त्या काळात मोबाईल नव्हते. सबस्टेशन सहा किलोमीटरवर. तिथून लाईन बंद केल्याचं परमिट लिहून घेतल्याशिवाय बाबूजी खांबाला हात लावत नसत. तेवढ्यात एकानं त्यांची कॉलर धरली. बाबूजींनी त्याचा हात सोडवला नाही. एवढंच म्हणाले, "भाऊ, मले घरी वापस जाचं आहे." मग मला सायकलवर बसवलं आणि सबस्टेशनला गेले. परत येऊन एबी स्विच, म्हणजे लाईन तोडायचा खटका, खोलला, रॉडनं तिन्ही तारा जमिनीला जोडून अर्थिंग दिलं आणि मग चढले. दोन तास गेले. लोक शेवटपर्यंत बडबडत होते.

कारण मला फार उशिरा कळलं. त्यांच्यासोबत काम शिकलेला एक जण खांबावरून गेला होता. लाईन बंद होती, पण कुठल्यातरी जनरेटरचा करंट उलटा तारेवर आला. अर्थिंग दिलेलं नव्हतं. त्यानं खांबाखाली काढून ठेवलेल्या चपला बाबूजींनी त्याच्या घरी नेऊन दिल्या होत्या. त्या घरातली पोरं दारात उभी होती, एवढंच ते सांगायचे. पुढचं कधी सांगितलं नाही.

बॅनरवर आपण 'कुटुंबवत्सल' असं छापतो. आमच्याही बॅनरवर होतं. माझ्यासाठी त्या शब्दाचा अर्थ ते सहा किलोमीटर जाणं आणि सहा किलोमीटर येणं हा आहे.

आता मासोळ्यांचं. ते लिहिताना हात थांबत नाही, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचा भाग तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांवर मालगुजारी तलाव. कितीतरी कोहळी समाजाच्या हातचे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि ते माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव झाले. आमच्या घरामागेच असा एक तलाव आहे. पण बाबूजींनी त्यात कधी गरी टाकली नाही. "तिथं बीज ढिवरायनं टाकलं, राखन त्यायची, मासोळी त्यायची." घरात खायची इच्छा झाली तर ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, मोहल्ल्यातून विकत आणायचे, भाव न करता. त्यांची जागा चुलबंदच्या डोहावर, उंबराखालचा चपटा दगड. तिथं बसायची परवानगीसुद्धा त्यांनी आमच्या डोंगाकाकांकडून घेतली होती. काकांकडे डोंगा, म्हणजे छोटी होडी, होती म्हणून आम्ही पोरं त्यांना तसं म्हणायचो. मासोळीचं सगळं ज्ञान बाबूजींना त्यांनीच दिलं. रोहूला कणकेत ढेप कालवून गोळी. मरळीला बेडकाचं पिल्लू. आणि मृगाच्या पाण्यावर मासोळी अंड्यांनी भरलेली वर चढते, तेव्हा गरी शॅकलवर गुंडाळून खुंटीला. कितीही जिभेला पाणी सुटो, मृग-आर्द्रा दोन्ही नक्षत्रं सरल्याशिवाय ती खुंटीवरून उतरत नसे.

लोकांना वाटतं गरी टाकून बसणारा माणूस मुका असतो. बाबूजींचं उलट होतं. घरात ते मोजकं बोलायचे, पण त्या दगडावर, पिसाच्या दांडीवरची नजर न काढता, हलक्या आवाजात सगळं सांगायचे. आई लग्न होऊन आली तेव्हा आठ दिवस रडत होती आणि ह्यांना काय करावं कळेना, म्हणून तिला रोज रात्री खांबावरचा दिवा लावताना बघायला घेऊन जायचे. माझ्या डी.एड.साठी त्यांनी सोसायटीचं कर्ज काढलं तेही मला तिथंच कळलं. मी रडायला लागले तर म्हणाले, "हळू, मासोळी पळन."

मरळ आपली पिल्लं राखते हे त्यांनीच मला दाखवलं. पाण्याच्या वरच्या अंगाला लालसर पिल्लांचा घोळका थरथरत फिरतो आणि त्याच्या खाली काळ्या सावलीसारखे मायबाप. "हे जोडपं दिसलं का गरी काढून घ्याची," म्हणायचे. आणि काढून घ्यायचे, सकाळ रिकामी गेली तरी.

घरी मासोळी आली की आई लसूण वाटायची, तिखट, चिंचेचा कोळ, वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. वाढायचं काम मात्र बाबूजींचं. डोकं आजीला, पेटीचे, म्हणजे पोटाकडचे, तुकडे आम्हा भावंडांना, आईला मधला, आणि काट्यांनी भरलेला शेपटीकडचा भाग स्वतःला. आम्ही लहान होतो तोवर आमच्या ताटातला प्रत्येक तुकडा ते आधी अंगठ्यानं दाबून बघायचे. त्या अंगठ्याला तारा ओढून ओढून घट्टा पडलेला, सुई टोचली तरी कळू नये असा. तरी रोहूतला केसाएवढा काटा त्यांना त्यातून कळायचा. मी आता माझ्या मुलाला तुकडा देताना तेच करते. माझा मऊ अंगठा दरवेळी चुकतो.

२००९ च्या मे महिन्यात मी लेकराला घेऊन माहेरी आले होते. नदीत फक्त डोह उरले होते. एका दुपारी बाबूजींनी मला हाक मारून नेलं. चार पोरांनी खांबावरच्या तारेवर आकडा टाकून बांबूला वायर बांधली होती आणि तो बांबू डोहात घातला होता. मी पाणी पाहिलं आणि मला मळमळलं. सगळी पांढरी पोटं वर. बोटाएवढी पिल्लं, बेडूक, एक पाणसाप. आणि उंबराच्या मुळांजवळ मरळीची जोडी, पिल्लांसकट.

बाबूजींनी आधी डीपीवरचा फ्यूज काढला, मग वायर उतरवली. पोरांवर ते असे ओरडले की मी त्यांचा तसा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. "गरी एकाले धरते रे! करंट पुसत नाई, अंडं का पिल्लू का मानूस!" त्यातला एक पोरगा गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा होता. त्याला करंट कसा लागला नाही हे देवच जाणे. बाबूजी घरी येऊन ओसरीवर बसले तेव्हा त्यांचे हात कापत होते.

संध्याकाळी पोरांचे बाप आले. दोन मासोळ्यांसाठी पोरांचं आयुष्य नासवता का, म्हणे. वीजचोरीला २००३ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे हे बाबूजींना पाठ होतं. त्यांनी पोलिसात दिलं नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक ग्रामसभेत, विषय निघो न निघो, ते उभे राहून करंटबद्दल बोलले. लोक कंटाळले, हसले. दोन घरं बोलेनाशी झाली. ते तरीही उभे राहायचे. मी फोनवर म्हटलं, बाबूजी, जाऊ द्या ना आता. तर म्हणाले, "बाई, करंट मी आनलो या गावात. तार मी ओढलो. मंग पान्यात तो जाईन तं जबाबदारी कोनाची?"

हे मला सांगायचं आहे. आपण चांगल्या माणसाला मेल्यावर मवाळ करून टाकतो. त्याचा राग धुऊन काढतो आणि उरलेलं फोटोत ठेवतो. बाबूजींची माया आणि बाबूजींचा राग एकाच ठिकाणाहून येत होता. मुलांच्या ताटातला काटा काढणारा माणूसच डोहातली वायर काढायला धावतो.

आणि हा प्रश्न आमच्या एका डोहाचा नाही. इंग्रजांनी १८९७ साली मासेमारीचा कायदा केला तेव्हाच सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारायला त्यात बंदी होती. करंट तेव्हा खेड्यात नव्हता. आज तो घरोघर आहे आणि आकडा टाकणं पोरखेळ झालाय. रानडुकरांपासून धान वाचवायला शेताभोवती तोच आकडा. त्यात वाघ मरतात. आमच्या नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेल्या 'जय' वाघाचा मुलगा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे असाच गेला. आणि रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारचा शेतकरीही त्यात मरतो, त्याची बातमी चार ओळींची. डुकरांनी उभं धान लोळवलं की काय वाटतं ते मला माहीत आहे, आमचीही दोन एकर आहे. नुकसानभरपाईसाठी भांडा, मी सोबत येईन. पण उघडी तार नको.

गेल्या रविवारी मी माहेरी गेले होते. संध्याकाळी डोहावर गेले तर उंबराच्या फांदीवरून खाली आलेली काळी वायर. बांबू काठावर पडलेला, आसपास कोणी नाही. पाय पुढे जात होता, तो थांबवला. बाबूजींनी शिकवलं होतं, ओल्या काठापासून लांब उभं राहायचं आणि कशाला म्हणजे कशाला हात लावायचा नाही. महावितरणच्या १९१२ या नंबरवर फोन केला. तुम्हालाही कुठं अशी तार दिसली तर तेच करा, स्वतः काठी घेऊन जाऊ नका.

तासाभरानं गावातला नवा लाईनमन आला. पंचविशीचा पोरगा, मोटरसायकलवर. त्याच्या मागे चार जण "लवकर कर, मॅच चालू आहे" म्हणत आलेले. त्यानं कोणाकडे बघितलं नाही. डीपी बंद केली, टेस्टर लावून बघितलं, हातमोजे घातले, मग वायर उतरवली आणि गुंडाळून गाडीला बांधली. सगळं झाल्यावर माझ्याकडे आला.

"ताई, तुमी लाईनमन काकाच्या पोरगी ना?"

हो म्हटलं.

"काका मले ट्रेनिंगले असताना भेटले होते. परमिटचं तेच सांगत राहे." मग जरा थांबून, डोहाकडे बघत म्हणाला, "ते गरी कोठी टाकत जी?"

मी त्याला उंबराखालचा दगड दाखवला.